करंगळीमागचे न जुळलेले हाड

वाचकहो, या वेळी एका चुकीपासून आरंभ करतो. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी सदुसष्ट वर्षांच्या एक काकू लंगडत दवाखान्यात आल्या. न्हाणीघराच्या पायरीवरून उतरताना पाऊल आत वळले आणि शरीराचा सारा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला. घोट्याभोवती सूज होती. मी घोट्याचा एक्स-रे काढून घेतला, त्यात हाडे शाबूत दिसली. "पाय मुरगळला आहे, दोन-तीन आठवड्यांत बरे वाटेल," असे सांगून मी क्रेप बँडेज बांधले. निघताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, पाय टेकवला तर चालेल ना? यांना उठवायला-बसवायला घरात मीच आहे." यजमानांना अर्धांगवायू होऊन तीन वर्षे झाली होती. मी म्हणालो, "सोसेल तेवढा टेकवा."

त्यांनी सोसले, तब्बल चौदा महिने.

पुढे त्यांची लेक माहेरी आली आणि आईची चाल पाहून तिला हट्टाने घेऊन आली. मी म्हटले, "काकू, जिथे सर्वांत अधिक दुखते तिथे एकच बोट ठेवा." त्यांनी बोट ठेवले ते घोट्यावर नव्हे, तर पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागे जे लांब हाड असते त्याच्या बुडाजवळ. या वेळी पावलाचा एक्स-रे काढला. हाडात आडवी भेग होती आणि तिच्या दोन्ही कडा पांढऱ्या, कठीण झालेल्या. जुळणे थांबल्याची ती खूण.

पाय मुरगळून आलेल्या रुग्णाच्या घोट्याच्या दोन्ही हाडांबरोबर पावलावरच्या दोन जागाही दाबून पाहाव्यात आणि रुग्णाला चार पावले टाकता येतात का ते पाहावे, असा एक साधा नियम कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडला. त्या दोन जागांपैकी एक नेमकी हीच. नियम मला ठाऊक होता. त्या दिवशी माझे बोट तिथवर गेले नाही.

या अस्थिभंगाला ज्यांचे नाव आहे ते लिव्हरपूलचे शल्यचिकित्सक सर रॉबर्ट जोन्स यांनी स्वतःचाच पाय नाचताना असा दुखावून घेतला होता. आरंभी त्यांनाही स्नायूची दोरी तुटली असेल असेच वाटले. खरा प्रकार एक्स-रेने उघड केला आणि १९०२ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. मला त्यात अर्थातच सांत्वन शोधायचे नाही.

हे हाड जुळायला इतके कठीण का? त्या जागी रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी येतो, पण मधल्या पट्ट्यात तो जेमतेमच पोहोचतो. शिवाय प्रत्येक पावलागणिक तिथे ताण पडतो, म्हणजे हाड सांधू पाहते आणि आपण ते पुन्हा हलवतो. त्यात मधुमेह, तंबाखू वा मिश्री, ड जीवनसत्त्वाची उणीव यांपैकी काही असेल तर सांधण्याचे काम आणखी मंदावते. काकूंना मधुमेह होता आणि सकाळची मिश्रीही होती. तिच्याविषयी त्यांना कुणी विचारले नव्हते, मीही नाही.

मात्र एक सावधगिरीची गोष्ट. जुन्या एक्स-रेमध्ये भेग दिसली म्हणजे आजचे दुखणे तिचेच, असे समजू नये. याच हाडाच्या अगदी टोकाचा तुकडा निघाला असेल तर तो बहुधा सहा ते आठ आठवड्यांत बरा होतो, आणि कधी कधी हाड न जुळताही दुखेनासे होते. सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर कारण बहुधा तळव्याच्या जाड पडद्यात असते. रात्री तळपायांची आग होत असेल तर मज्जातंतूंकडे पाहावे लागते. म्हणून तपासायला येताना जुने एक्स-रे अवश्य आणा. आपल्याकडे ते कपाटावर धूळ खात पडतात, नाहीतर रद्दीत जातात. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की भेग बुजते आहे की तशीच आहे हे कळते. शंका राहिली तर सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसते.

आता घरी काय करावे. सर्वांत पहिला उपाय पायात घालायचा आहे. मऊ, सहज दुमडणारी सपाट चप्पल अशा पायाची वैरी आहे. तळ कडक, पुढे किंचित वर वळलेला, बोटांशी रुंद आणि टाचेला धरून ठेवणारा असा बूट हवा. बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा. मधोमध दुमडला तर तो उपयोगाचा नाही. घरात फरशीवरही अनवाणी चालू नये. देवघरापुरती अडचण असेल तर घरातच वापरायचा एक स्वच्छ वेगळा जोड ठेवा. नऊवारीवर बूट कसे दिसतील, या विचाराने काकूंनी महिना घालवला, हेही सांगून टाकतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेकजण उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

मालीश नको. हाड बसवून देणाऱ्याकडे तर मुळीच नको. जुन्या भेगेला ओढाताण करून कुणी जुळवू शकत नाही. पायाची संवेदना कमी असलेल्या मधुमेहींनी गरम पाण्याचा वा विटेचा शेक घेऊ नये. भाजते आणि कळत नाही.

वेदनाशामक गोळ्यांविषयी मी जरा कठोर आहे. औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्यांनी जठरात रक्तस्राव झालेले, मूत्रपिंडे बिघडलेली माणसे मी पाहिली आहेत. वयस्कर व्यक्तीसाठी पॅरासिटामॉल त्यांहून सुरक्षित, पण तेही दिवसाला ३ ग्रॅमच्या आत आणि यकृताचा विकार असल्यास त्याहून कमी. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्याही तपासणी न करता आठवड्यामागून आठवडे घेऊ नयेत. अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम असे त्रास उद्भवतात. साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांची घनता मात्र तपासून घ्या. पुढची मोड खुब्याची असू शकते.

मधुमेही व्यक्तीचे पाऊल अचानक सुजले, लाल व गरम झाले आणि दुखत मात्र फारसे नाही, तर 'दुखत नाही ना, मग बघू' असे म्हणू नका. पाय टेकवणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत हाडे ढासळत असू शकतात.

अस्थिरोगतज्ज्ञांनी काकूंपुढे दोन मार्ग ठेवले. एक शस्त्रक्रिया: हाडात स्क्रू घालून, गरज पडल्यास कमरेच्या हाडाचा थोडा चुरा भेगेत भरणे. काकूंच्या साखरेमुळे जखम भरण्याची काळजी होती. दुसरा, पायाला कडक बूट देऊन आठ आठवडे शक्य तितकी विश्रांती. काकूंनी दुसरा निवडला. पण यजमानांना उचलणार कोण, हा प्रश्न स्क्रूनेही सुटणारा नव्हता आणि बुटानेही. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी दाराशी उभे राहून मला तोच तर विचारला होता.

या वेळी आम्ही तो आधी हाती घेतला. मुलगा आणि लेक यांनी आठवडे वाटून घेतले, सकाळच्या आंघोळीसाठी एक मावशी ठेवल्या आणि पलंग उंच करून घेतला, म्हणजे यजमानांना उठवताना वाकावे लागू नये. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना मी हेच विचारतो: आपला पाय दुखावला तर आपल्या माणसाला कोण उचलेल? उत्तर आजच ठरवून ठेवा.

तीन महिन्यांनी एक्स-रे पुन्हा काढला. भेग तिथेच आहे. साखर आटोक्यात आली आहे, मिश्री सुटली आहे, ठणका राहिलेला नाही. फार चालले की संध्याकाळी सल जाणवतो एवढेच. शस्त्रक्रियेचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, सोडलेला नाही. दर सहा महिन्यांनी काकू येतात, पायात करड्या रंगाचे बूट असतात, आणि मी काही विचारण्याआधीच त्या खुर्चीवर बसून पाऊल पुढे करतात आणि म्हणतात, "आधी इथं दाबून बघा."