मेंढी, लॅपटॉप आणि आमचा शहाणपणा

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप. काल ऑफिसच्या कँटीनमध्ये एक मित्र मोबाईल पुढे करून म्हणाला, "तुझं गाव गोंदियाकडे ना? मी भंडाऱ्याजवळ तीन एकर घेतोय. मेंढ्या टाकायच्यात. माडग्याळ बेस्ट की डॉर्पर?"

त्याला तिथे नीट उत्तर देता आलं नाही, कारण माझा आवाज चढायला लागला होता. म्हणून इथे लिहितोय. मित्रा, वाचत असशील तर राग मानू नकोस. आणि मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्या डोक्यात वीकएंड शेतीचा किडा वळवळतोय, त्यांनी तर वाचाच.

मुद्दा एका वाक्यात सांगतो. "कुठली जात बेस्ट?" हा प्रश्नच चुकीचा आहे.

आपण लॅपटॉप घेतो तेव्हा तक्ता करतो. रॅम किती, बॅटरी किती, किंमत किती. लॅपटॉप पुण्यात चालतो तसाच गोंदियात चालतो. मग मेंढीचाही तक्ता करतो. वजन किती, वाढ किती, जुळी किती. सगळ्यात मोठे आकडे असलेली ओळ पिवळी केली की निवड झाली. या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे पाऊस.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण तो तक्ता मीही केला होता.

२०२३ च्या मे महिन्यात, बोनसच्या पैशातून, बारा माडग्याळ मेंढ्या आणि एक नर. सव्वादोन लाख रुपये. एका व्यापाऱ्याने दोन रात्री टेम्पोत घालून आमच्या गावी, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आणून सोडल्या. जनावरं काय देखणी होती म्हणून सांगू! उंच, पांढऱ्यावर तांबूस ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक. बाबा बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "काऊन आणलंस रे हे? पान्यात कुठं ठेवायचं यांना?" मी त्यांना एक्सेल शीट दाखवली. (हो, खरंच दाखवली. हसू नका.)

आता भूगोल बघा. माडग्याळ हे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं गाव. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक खूश. जमीन कोरडी, कडक, चरायला माळरान. गोंदियात साधारण तेराशे मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आमच्याकडे शेत म्हणजे बांध्या, आणि बांधीत पाणी साठवणं हीच तर धानाची शेती! त्यात तलाव आणि बोड्या. जुलै ते सप्टेंबर कोरडी जागा म्हणजे घराची ओसरी आणि धुऱ्याचा माथा.

ओल्यात मेंढीचं काय होतं? खुरं मऊ पडतात, मधली कातडी सडते, जनावर लंगडतं, मग गुडघ्यावर बसून चरतं. दमट गवतावर पोटातले जंत वाढतात. धानाच्या पाण्यातल्या गोगलगायींमधून लिव्हर फ्लूक येतो. डोळ्याची पापणी खाली ओढून बघायची, आतला रंग लालसर असेल तर ठीक, पांढरट असेल तर रक्त चाललंय. जबड्याखाली पाणी साठून गाठ लोंबायला लागली की उशीर झालेला असतो. हे सगळं मला आज येतं. तेव्हा येत नव्हतं, आणि शिकले बाबा. रात्री दोन वाजता, टॉर्च तोंडात धरून, खुरं धुताना. मी तेव्हा पुण्यात रिलीजच्या कॉलवर होतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा तेरापैकी चार उरल्या होत्या. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कोणी म्हणेल, औषध वेळेवर दिलं असतं तर? पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, जंताचं औषध, उंच फळ्यांचा गोठा? बरोबर आहे, नुकसान कमी झालं असतं. पण मग हिशोबात ते सगळं धरा. तीन एकरांत दहा-बारा जनावरांसाठी हे करायचं तर मेंढीपेक्षा गोठा महाग. आणि रोज खुरं कोण बघणार? तुम्ही तर हिंजवडीत!

खरं उत्तर आपल्या धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दख्खनी मेंढीचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी कोरड्या पठारावर परततात. ती मेंढी काटक खरीच, पण कोकणातला पावसाळा तिने कधी काढलाच नाही. मालकाने तिला ओल्यात राहू दिलं नाही. म्हणजे जात म्हणजे फक्त रक्त नव्हे. जात म्हणजे रक्त, जागा आणि ते जनावर पाळणाऱ्यांचं वेळापत्रक. आपण टेम्पोत फक्त रक्त भरून आणतो.

ही चूक फक्त आपलीच नाही. लोकर सुधारायची म्हणून आपल्या राज्यात दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुइलेटशी संकर करून झाला. मेंढपाळाला घोंगडीची जाड काळी लोकर हवी होती, आणि पुढे तर कमाई लोकरीतून उरलीच नाही, मांसातून व्हायला लागली.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल हा नव्याच्या विरोधातच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली गरोळ मेंढी घेतली. चिमुकली, पण जुळी देणारी, आणि दलदलीत चरायची सवय असलेली. तिच्यातलं फेकबी हे जनुक त्यांनी दख्खनीत आणलं आणि त्यातून 'नारी सुवर्ण' तयार झाली. फरक बघा. त्यांनी लोकांकडे आधीच असलेलं जनावर धरलं, त्यात एक गुण घातला, मेंढपाळांच्या कळपात तपासून बघितला, आणि याला वर्षं दिली. तरीही जुळी म्हणजे दुप्पट दूध आणि दुप्पट चारा. तो नसेल तर जुळी हा बोनस नाही, दोन उपाशी कोकरं आहेत.

२०२० मध्ये आटपाडीच्या एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांना मागणी आल्याची बातमी गाजली होती. आपल्यातल्या निम्म्या लोकांना मेंढी तिथूनच माहीत. अरे, ती हौसेची आणि पैदाशीच्या नराची किंमत आहे! तुमच्या बोकडासारखंच तुमचं कोकरूही शेवटी खाटकाच्या काट्यावर किलोने जाणार.

मग गोंदिया-भंडाऱ्यात काय पाळायचं? पहिल्यांदा पंचक्रोशीत फिरा. पावसाळ्यात फिरा, एप्रिलमध्ये नको. कोणाच्या दारात काय उभं आहे आणि ते लंगडतंय का, बघा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर आणि मेंढ्या सत्तावीस लाखांच्या आसपास होत्या, आणि त्या मुख्यतः कमी पावसाच्या पट्ट्यात. यात काहीतरी अक्कल असेल ना? आमच्याकडे लोक शेळी पाळतात. शेळी मान वर करून झुडपांचा पाला ओरबाडते, ओल्या जमिनीला तोंड कमी लावते. मेंढीच हवी असेल तर जवळपास दोन पावसाळे काढलेल्या कळपातली घ्या, दिवाळीनंतर घ्या, चारच घ्या, आणि पहिले तीन आठवडे वेगळ्या बांधा. देखणी नसतील. चालेल.

सध्या बाबांकडे सहा गावरान शेळ्या आहेत. लहानखुऱ्या, काळ्या, फोटोत काहीही दम नसलेल्या. मागच्या पावसाळ्यात एकही मेली नाही. त्या मी निवडलेल्या नाहीत. शेजारच्या गावातल्या एका म्हातारीकडून बाबांनी स्वतः आणल्या, मला न विचारता.

तर मित्रा, माडग्याळ की डॉर्पर, हे मला विचारू नकोस. जुलैमध्ये रजा टाक, तुझ्या त्या तीन एकरांत चप्पल काढून दिवसभर उभा राहा, आणि संध्याकाळी आपले पाय बघ.

असो. चहा थंड झाला.