पेंडिंग फाइल आणि कोर्टाची पायरी

मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही सोसायटीत शिरा, एक तरी घर असं सापडतंच ज्याचं घड्याळ न्यू जर्सी नाहीतर टोरांटोच्या वेळेवर चालतं. लिफ्टमध्ये काकू भेटतात. ‘काय म्हणतोय मुलगा?’ विचारलं की ठरलेलं उत्तर : ‘बरा आहे, फाइल पेंडिंग आहे.’

आता ही फाइल नेमकी का अडकलीय, हे आधी कळायला हवं, बॉस. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्केच. म्हणून भारतीयांची रांग दहा-दहा वर्षांची. ही रांग कायद्यानेच लावलेली आहे, तिच्याविरुद्ध कोर्टात जाऊन काही हाती लागत नाही. पण तुमचा नंबर लागलाय, कागद पूर्ण आहेत आणि तरीही अधिकारी ढिम्म? मग मामला वेगळा!

अशा वेळी तिथल्या फेडरल कोर्टात ‘मॅन्डॅमस’चा दावा लावता येतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम २२६ मध्येही हाच रिट आहे, मराठीत त्याला परमादेश म्हणतात. अर्ज लावायची फी ४०५ डॉलर, वकिलाचा खर्च वेगळा (आणि तोच खरा खर्च). सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात, आणि बऱ्याचदा त्याआधीच फाइल हलते. मात्र कोर्ट म्हणतं ते एवढंच, ‘निर्णय द्या’. ‘हो म्हणा’ असं ते सांगत नाही. म्हणजे फाइल कच्ची असेल, तर नकारही झटपट घरी येतो. त्यामुळे आधी सर्व्हिस रिक्वेस्ट टाका, तिथे राहत असाल तर मतदारसंघाच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला लिहा. दोन्ही फुकट आहेत. सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होऊन १२० दिवसांत निकाल आला नाही, तर थेट कोर्टात जायची तरतूद कायद्यातच आहे.

सगळ्यात जास्त भरडल्या जातात त्या एच-४ वरच्या बायका. २०१५ मध्ये त्यांच्यातल्या काहींना वर्क परमिट मिळू लागलं. मार्च २०१९ पासून त्यांनाही बायोमेट्रिक्सची सक्ती झाली, मग कोविडमध्ये सेंटरं बंद. परमिट संपलं, नवीन आलं नाही, चांगली चाललेली नोकरी गेली! नवऱ्याची फाइल मात्र प्रीमियममध्ये १५ दिवसांत क्लिअर. २०२१ मध्ये यातल्या काहीजणी सिॲटलच्या फेडरल कोर्टात गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये तडजोड झाली : तिघांचे, म्हणजे नवऱ्याचा एच-१बी, बायकोचा एच-४ आणि तिचं परमिट, अर्ज एकत्र भरले तर एकत्रच निकाली काढायचे. पण ही सोय दोन वर्षांचीच होती, जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपली. तेव्हा ‘माझ्या वहिनीचं लगेच झालं होतं’ हा सल्ला आता विसरा.

बीकेसीच्या कॉन्सुलेटने आई-बाबांचा टुरिस्ट व्हिसा नाकारला, तर कोर्टाचा रस्ता जवळपास बंदच. पुन्हा अर्ज करा, दुसरं काय! कॅनडावाल्यांना मात्र त्यांच्या फेडरल कोर्टात जाता येतं. फी अवघी ५० कॅनेडियन डॉलर, पण आधी कोर्टाची परवानगी लागते.

आणि घरचं? परदेशी फाइलला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतंच. आपलं पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून वेगळं झालंय, मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी. रिपोर्ट कुठे अडलाय हे कळत नसेल, तर १० रुपयांचा आरटीआय टाका, उत्तराची मुदत ३० दिवस. तरीही हालचाल नाही, तर मुंबई हायकोर्टात तोच परमादेश मागता येतो. चर्चगेट लोकल पकडा, फाइल मात्र मूळ कागदांसकट न्या.