कुंडीतला बटाटा आणि ‘शुगर-फ्री’चा मोह

दिवाळीच्या सुमारास गच्चीवर, बाल्कनीत बटाटा लावण्याची तयारी सुरू होते. हौस चांगलीच आहे. पण अलीकडे ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, घरीच शुगर-फ्री बटाटा लावला तर रोज खाता येईल ना?’ याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

‘शुगर-फ्री’ म्हणून विकले जाणारे बटाटे बहुधा कुफरी चिप्सोनासारख्या वाणांचे असतात. हे वाण वेफर्ससाठी तयार केले गेले. त्यांत ग्लुकोज, फ्रुक्टोज कमी असल्याने तळताना काप काळपट पडत नाहीत. स्टार्च मात्र भरपूर असतो आणि पचनानंतर त्याचे ग्लुकोजच होते. अशा नावाने बटाटा विकणे ही रुग्णांची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहींनी बटाटा कोणताही खावा, पण बेताने. त्या जेवणात भात किंवा पोळी तेवढी कमी करावी.

मग कुंडीसाठी वाण निवडायचा कसा? तयार व्हायला लागणारे दिवस पाहून. बटाटा पोसायला रात्रीचे तापमान साधारण २० अंशांच्या खाली लागते. आपल्याकडे थंडी थोडे दिवस टिकते आणि कुंडीतली माती शेतापेक्षा लवकर तापते. चिप्सोनाला १०० ते ११० दिवस लागतात. त्यापेक्षा सुमारे अडीच-तीन महिन्यांत निघणारे कुफरी पुखराज किंवा कुफरी ख्याती बरे. ‘कुफरी लवकर’ नावाचा वाणही आहे. त्याचा गुण नावातच आला! सिमल्याजवळच्या कुफरीचे नाव लावणारे हे सारे वाण केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे आहेत. बाजारातल्या बटाट्याचा वाण कळत नाही, शिवाय त्यातून रोगही येऊ शकतो. म्हणून खात्रीचे बेणे घ्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा.

डॉक्टर म्हणून मला खरी काळजी आहे ती हिरव्या बटाट्याची. उथळ कुंडीत बटाटे मातीबाहेर डोकावतात. ऊन लागले की ते हिरवे होतात आणि त्यांत सोलानिनसारखी विषारी द्रव्ये वाढतात. ती उकडून किंवा तळूनही पुरेशी नष्ट होत नाहीत. उलट्या, जुलाब, पोटदुखी, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो. म्हणून कुंडी किंवा ग्रो बॅग निदान दीड फूट खोल असावी. झाड वाढेल तशी मातीची भर द्यावी, काढलेले बटाटे अंधारात ठेवावेत. हिरवे किंवा कडवट लागणारे बटाटे टाकून द्यावेत. झाडाची पाने, कोंब आणि टोमॅटोसारखी दिसणारी हिरवी फळेही विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर कुंडी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

घरच्या बटाट्याची भाजी जरूर खा. मधुमेहाचे औषध मात्र कुंडीत उगवत नाही.