आम्ही परगावचे

"आता निवृत्त झालात, या की पुण्याला राहायला!" हे नातेवाईकांचं पालुपद मी गेली कित्येक वर्षं ऐकतेय. बोईसरला राहून काय मिळवलंत, हा त्यातला खरा प्रश्न. तर मंडळी, एकदाच हिशेब मांडते.

आधी नावेची बाजू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं. जन्मभर मुलांना पहिलं यायला सांगितलं, पण असा नंबर नको रे बाबा! रात्री वास सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या. मोठं दुखणं निघालं की मुंबई गाठायची. २०१३ पर्यंत तर विरारच्या पुढे लोकलही नव्हती. शटलची वाट बघत फलाटावर मी किती वह्या तपासल्या असतील!

आता जमेची बाजू. १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तारापूरला तयार झाली. केंद्र अमेरिकन कंपनीने बांधलं, काम संपवून त्यांची माणसं परत गेली. इथे राहिलो ते आम्ही... मल्याळी, बंगाली, उत्तरेकडचे आणि माझ्यासारखे घाटावरचे. माझ्या वर्गात मांगेला, वारली आणि बिहारी पोरं एका बाकावर बसून डबा खायची. पुण्यातल्या सोसायटीत हे मिळेल?

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. आम्ही पोटासाठी आलो, आणि उद्या मनात आलं तर जाऊही. अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांचं तसं नाही. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी त्यांची गावंच उठली. बाहेरून आलेले आम्ही इथे घरं बांधून स्थिरावलो, आणि मूळचे लोक परके झाले!

म्हणून माझं मत असं, की जिथला पगार तीस वर्षं खाल्ला, तिथला धूर मूळच्या लोकांच्या गळ्यात टाकून पेन्शन घेऊन निघून जाणं बरोबर नाही. लिहिता-वाचता येणारी माणसं राहिली, तर निदान तक्रारीचे अर्ज तरी नीट लिहिले जातील.

आजारपणाचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही, तो खराच आहे. पण मग इथे चांगलं रुग्णालय मागायचं, की आपण पळ काढायचा?

असो. पुण्याला येईन, पण दिवाळीपुरती!