दारू कोरडी, नेम पक्का

मंडळी, आपल्या रानातलं सांबर अमेरिकेतही आहे, ठाऊक आहे का? फ्लोरिडातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर १९०८ साली ती सोडली गेली. १९६८ पासून हे दलदलीचं बेट अभयारण्य आहे. पूल नाही, नावेनंच जायचं. तिथं परवान्यानं, ठरावीक दिवशीच शिकार होते. तीही धनुष्यबाण नाहीतर ठासणीच्या बंदुकीनं.

म्हणून तयारी घरूनच हवी. नेमाचा सराव करावा, दारू मेणकापडात कोरडी ठेवावी, पिण्याचं पाणी बरोबर घ्यावं. पुन्हा बार ठासेपर्यंत जनावर पसार होतं. नेम ढळला, तर जखमी होऊन चिखलात तडफडतं. खात्री नसेल तर बार काढूच नये, ही खरी तयारी.

आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सांबर मारणं गुन्हा आहे, हे विसरू नका.