शिकणाऱ्याच्या हाती कोणती गाडी?

मुलगा-मुलगी कॉलेजात गेली की घरात गाडीचा विषय निघतोच. "पोराले शिकाले जुनीपुरानीच बरी, घासली तरी जीव जळत नाही," असं आपल्या वऱ्हाडात सर्रास म्हणतात. मैत्रिणींनो, मला हे मुळीच पटत नाही. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्यालाच घरातली सगळ्यात भरवशाची गाडी हवी.

आमच्या सेमाडोहचाच रस्ता घ्या. परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणारा हा मेळघाटातला घाट. वळणामागे वळण, पावसाळ्यात धुकं, मध्येच आडवं येणारं जनावर. सप्टेंबर २०२४ मध्ये इथं जवळच एक खासगी बस पुलाखाली कोसळली, माणसं गेली. सराईत ड्रायव्हरचीही परीक्षा घेणाऱ्या या रस्त्यावर नवशिक्याला झिजलेल्या ब्रेकची गाडी द्यायची?

मग जुनी गाडी घेऊच नये का? जरूर घ्यावी, आपलं बजेट तेवढंच असतं. पण रंग आणि टेप नंतर बघा, आधी गाडी कधी बनली ते बघा. नव्या कारना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्यानंतरची गाडी मिळाली तर थोडे पैसे जास्त मोजा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तसं झालं नाही तर पाणी मुरतंय समजा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याच्या नव्हे. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, ते पाहा आणि गाडी लगेच नावावर करून घ्या.

आणि अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत किल्ली आपल्याकडेच. "गावातल्या गावातच तर चालवतो," हे कौतुक नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

गाडी बघायला घरातले पुरुषच जातात. यावेळी आपणही जाऊ, लेकीलाही नेऊ. मुलं घरी येईपर्यंत दाराकडे डोळे लावून आपणच बसतो, मग गाडी निवडताना आपला शब्द का नसावा?