ठराव कोणाच्या भाषेत?



आपल्या संघटनांची पत्रकं आणि ठराव वाचताना अलीकडे तेच ते शब्द भेटतात : ‘हिंसेबाबत झीरो टॉलरन्स’, ‘जेंडर मेनस्ट्रीमिंगसाठी कमिटेड’, ‘एम्पॉवरमेंट हेच मिशन’.

इंग्रजीचं सोवळं पाळावं असं आमचं म्हणणं नाही. आपल्याकडे ज्याला ‘छेडछाड’ म्हणून हसण्यावारी नेत, त्याला ‘सेक्शुअल हॅरासमेंट’ म्हटल्यावर त्यातला अन्याय ठळक झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात कामाच्या ठिकाणच्या या छळाची व्याख्या केली, २०१३ साली कायदा झाला. तो शब्द आपल्या कामी आला.

मुद्दा वेगळा आहे. ठराव म्हणजे आपण एकमेकींना दिलेला शब्द. ‘झीरो टॉलरन्स’ म्हटलं की कोणी काय करायचं ते सांगावंच लागत नाही. तेच मराठीत मांडू लागलं, की लिहावं लागतं : ‘वस्तीत कोणी बायकोवर हात उचलला, तर आमच्यातल्या चौघी त्याच रात्री तिच्या घरी जातील. पोलीस ठाण्यात तिला एकटीला पाठवणार नाही.’ मग बैठकीत प्रश्न उठतात. रात्री निघणार कोण? तिला ठेवायचं कुठे? मारणारा आपल्याच कार्यकर्तीचा भाऊ असला तर? हीच चर्चा मोघम शब्दांआड राहून जाते.

महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करण्यासाठी लढणाऱ्या बायका म्हणतात, ‘बाटली आडवी करायची.’ मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडवीला मत दिलं पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपण काय करायचं ते नेमकं कळतं.

देणगीदार संस्थांच्या अर्जात इंग्रजी लागतं, हे खरं. पण आधी ठराव बैठकीत आपल्या बोलीत व्हावा, भाषांतर मागून. आज क्रम उलटा झाला आहे.

म्हणून एक सुचवतो. ठराव मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीला तो तिच्या शब्दांत सांगायला सांगा. सांगता आला नाही, तर तो पुन्हा लिहा. तिने त्यावर अंगठा उठवला आहे. उद्या तिच्यावर वेळ आली, तर ‘तुम्ही येणार म्हणाला होतात’ असं हक्काने म्हणता आलं पाहिजे.

असे ठराव आमच्याकडे जरूर पाठवा.

– संपादक मंडळ